धावत्या गाडीची साक्ष : मोटारींच्या धुराच्या दूरसंवेदनाचा इतिहास

१

शहरांतील मोटारगाड्यांच्या धुरावर राज्यसंस्थेने जे नियंत्रण बसविले ते प्रारंभापासून दोन प्रकारच्या परीक्षांवर आधारलेले आहे. पहिली परीक्षा कारखानदाराची. नव्या नमुन्याची गाडी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर ठरावीक क्रमाने चालवितात व तिच्या धुराचे मोजमाप करतात; ते मर्यादेत भरले म्हणजे त्या नमुन्याच्या लक्षावधी गाड्यांना विक्रीची अनुज्ञा मिळते. दुसरी परीक्षा मालकाची. त्याने ठरावीक मुदतीने आपली गाडी तपासणीकेंद्रावर नेऊन प्रमाणपत्र मिळवावयाचे असते. ह्या दोन्ही परीक्षांत एक गोष्ट समान आहे. परीक्षा केव्हा, कोठे आणि कोणत्या रीतीने होणार हे परीक्षार्थीला आधीच ठाऊक असते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्यातील उणीव वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. वरिष्ठांच्या अवलोकनासाठी मुद्दाम सिद्ध केलेला अहवाल आणि नित्याच्या व्यवहारात सहजगत्या नोंदली गेलेली रोजकीर्द ह्यांच्या विश्वसनीयतेत आपण जो भेद करतो, तोच येथेही करावा लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या तपांत धुराच्या मोजमापाची एक तिसरी रीत पुढे आली. तीत गाडीला बोलावणे नाही, थांबविणे नाही. रस्त्यावरून ती आपल्या वाटेने जात असताना तिच्या मागे रेंगाळणाऱ्या धुरातून किरणशलाका आरपार नेऊन अर्ध्या सेकंदात नोंद घेतली जाते. हिलाच मोटारींच्या धुराचे दूरसंवेदन म्हणतात. दूरसंवेदन म्हटले की उपग्रहाची आठवण होते. येथे मात्र 'दूर' म्हणजे रस्त्याच्या रुंदीएवढे अंतर, इतकाच अर्थ घ्यावयाचा आहे.

ह्या तंत्राचा इतिहास केवळ एका उपकरणाच्या सुधारणेचा इतिहास नव्हे. धुराचा दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हा प्रश्न त्यात प्रथमपासून गुंतलेला आहे. बेफिकीर मालकाला हुडकून काढण्यासाठी निर्माण झालेले हे साधन पुढे कारखानदाराविरुद्ध आणि खुद्द शासनाच्या परीक्षापद्धतीविरुद्ध साक्ष देऊ लागले. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यातून कोणता निष्कर्ष निघतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

धूर दुरून जोखण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्सिमिलियाँ रिंगेलमान ह्या फ्रेंच अभियंत्याने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत जाणाऱ्या छटांचा एक तक्ता तयार केला. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर त्या तक्त्याशी ताडून पाहावयाचा आणि त्याची दाटी ठरवावयाची, अशी ही सुटसुटीत रीत होती. कोळशाच्या युगाला ती पुरेशी होती, कारण त्या युगाचे प्रदूषण डोळ्यांना दिसत असे. पेट्रोलच्या युगात हा आधार नाहीसा झाला. पेट्रोल-मोटारीच्या सायलेन्सरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. त्यापुढे मानवी नेत्राची साक्ष निरुपयोगी ठरते.

मोटारीचा हा अदृश्य अपराध प्रथम उजेडात आला तो लॉस एंजेलिस शहरात. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे झोंबविणारे धुरके पसरले, तेव्हा प्रारंभी संशय कारखान्यांवर होता. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील डच जन्माचे रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट ह्यांनी दाखवून दिले की, हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके जन्मते आणि त्या द्रव्यांचा एक मोठा उगम मोटारगाड्या हा आहे. ह्या शोधाची परिणती पुढे कायद्यांत झाली. कॅलिफोर्निया राज्याने १९६६ च्या नमुन्याच्या गाड्यांपासून धुरावर मर्यादा घातल्या. १९७० साली अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि १९७५ च्या नमुन्यांपासून तेथील बहुतेक मोटारींवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला.

कन्व्हर्टर आल्यामुळे नियंत्रणाच्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. पूर्वी एका नमुन्याच्या गाड्या थोड्याफार फरकाने सारख्याच मलिन असत. आता एकाच वर्षाच्या, एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांपैकी कन्व्हर्टर शाबूत असलेली एक जवळजवळ निर्दोष, तर तो निकामी झालेली दुसरी पहिलीच्या कित्येक पट धूर ओकणारी, असे होऊ लागले. सरासरीवर विसंबणाऱ्या नियंत्रणाला ही दुसरी गाडी सापडत नव्हती. रस्त्यावरील लाखो गाड्यांतून ती शोधून काढण्याची गरज येथून उत्पन्न झाली.

३

ही गरज भागविणारे पहिले खरोखर यशस्वी उपकरण डेन्व्हर विद्यापीठात तयार झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहराला हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइडचा उपद्रव विशेष होत असे. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड स्टेडमन आणि त्यांचे सहकारी गॅरी बिशप ह्यांनी १९८७ साली कोलोरॅडो राज्याच्या ऊर्जाबचतविषयक कार्यालयाच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. हा आश्रय लक्षात घेण्याजोगा आहे. अर्धवट जळून बाहेर पडलेला कार्बन मोनॉक्साइड म्हणजे वाया गेलेले इंधन, ह्या विचाराने उपकरणाच्या नावातही इंधनाच्या कार्यक्षमतेचाच उल्लेख होता. प्रदूषणनियंत्रण हा हेतू नंतर बळावला.

उपकरणाचे तत्त्व जुनेच आहे. निरनिराळे वायू अवरक्त किरण शोषून घेतात हे जॉन टिंडल ह्यांनी १८५९ पासूनच्या आपल्या प्रयोगांत दाखविले होते. प्रत्येक वायूची शोषणाची तरंगलांबी निराळी असते : कार्बन डायऑक्साइडची ४.३ मायक्रॉनच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइडची ४.६, तर हायड्रोकार्बनांची ३.४. रस्त्याच्या एका कडेला किरणांचा उगम आणि दुसऱ्या कडेला ग्राहक ठेवावयाचा. गाडी मधून गेली की शलाका क्षणभर खंडित होते आणि ती पुन्हा जुळताच मागील धुराची मोजणी सुरू होते. त्याच क्षणी कॅमेरा नंबराच्या पाटीचे चित्र घेतो. पुढे १९९० नंतरच्या दशकात जंबुपार किरणांची जोड देऊन नायट्रिक ऑक्साइडही मोजता येऊ लागले.

तथापि खरी अडचण किरणांची नव्हती. धुराचा लोट वाऱ्याने किती विरला, शलाका त्याच्या गाभ्यातून गेली की कडेवरून, हे कळण्यास मार्ग नसतो. म्हणून एखाद्या वायूचे नुसते प्रमाण मोजून काहीच सिद्ध होत नाही. ह्या अडचणीवर काढलेला तोडगा अत्यंत साधा आहे. धूर कितीही विरला तरी त्यातील सर्व घटक सारखेच विरतात, आणि म्हणून कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडशी असलेले गुणोत्तर बदलत नाही. हे गुणोत्तर हाती आले म्हणजे ज्वलनाच्या रासायनिक समीकरणांवरून बाकीचे गणित सुटते. उदाहरणार्थ, गुणोत्तर शून्याजवळ असेल तर पेट्रोलमधील जवळजवळ सर्व कार्बन पूर्ण जळाला असे समजावे. ते ०.५ भरले, तर हायड्रोकार्बनांचा अल्प अंश सोडल्यास इंधनातील एक तृतीयांश कार्बन अर्धवट जळूनच बाहेर पडत आहे आणि सायलेन्सरमधील धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण शेकडा साडेपाचच्या घरात आहे, असा अर्थ होतो. गाडीला स्पर्श न करता तिच्या इंजिनातील ज्वलनाची स्थिती अशा रीतीने कळू लागली.

४

हे उपकरण रस्त्यावर उभे राहताच जी गोष्ट दिसून आली तिने तज्ज्ञांच्या रूढ समजुतीला धक्का दिला. शहरातील कार्बन मोनॉक्साइडचा सुमारे निम्मा भाग रस्त्यावरील शेकडा दहा किंवा त्याहूनही कमी गाड्यांतून निघतो, आणि बहुसंख्य गाड्यांचा वाटा नगण्य असतो, असे अमेरिकेतील शहरांत आढळले. पुढे गोथेनबर्ग, बँकॉक, मेक्सिको शहर, काठमांडू अशा अनेक ठिकाणी मोजण्या झाल्या. असमतोल सर्वत्र दिसला. मात्र जेथे बहुतेक गाड्या दुरुस्तीअभावी मलिनच होत्या तेथे तो सौम्य होता. गाडीचे वय हे दोषाचे खात्रीलायक लक्षण नाही, हेही स्पष्ट झाले. नव्या गाड्यांपैकी सर्वांत मलिन गट हा जुन्या गाड्यांपैकी स्वच्छ गटापेक्षा अधिक धूर सोडत असल्याचे आकडे सांगत होते. निगा हा वयापेक्षा महत्त्वाचा घटक ठरला.

१९९१ साली कॅलिफोर्नियातील रोझमीड बुलेव्हार्ड ह्या रस्त्यावर ह्या निष्कर्षाची कसोटी घेण्यात आली. उपकरणाने मलिन ठरविलेल्या गाड्यांपैकी सुमारे तीनशे गाड्या जागच्या जागी थांबवून त्यांची राज्याच्या नियमांप्रमाणे तपासणी केली, तेव्हा त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्या नापास झाल्या. पुष्कळांमध्ये धूरनियंत्रक साधनांशी मुद्दाम केलेली छेडछाड आढळली. त्या राज्यात मुदतबंद तपासणीची योजना १९८४ पासून अमलात होती, ही बाब येथे ध्यानात घ्यावी. प्रमाणपत्राचा कागद आणि रस्त्यावरील वस्तुस्थिती ह्यांतील अंतर ह्या प्रयोगाने उघड केले.

ह्यानंतर अमेरिकेत जो वाद माजला तो वरवर पाहता तांत्रिक, पण मूलतः प्रशासकीय होता. १९९० च्या कायदा-दुरुस्तीने अधिक प्रदूषित शहरांत कडक तपासणी आवश्यक केली आणि तिच्या जोडीस रस्त्यावरील चाचणीचीही तरतूद केली. परंतु पुढील नियमांत ह्या चाचणीचे प्रमाण गाड्यांच्या शेकडा अर्धे इतकेच ठेवण्यात आले. केंद्रीय पर्यावरणसंस्थेचा भर फिरत्या रुळांवर घ्यावयाच्या २४० सेकंदांच्या परीक्षेवर होता. नव्वद टक्के निर्दोष गाड्यांना रांगेत उभे करून दहा टक्के दोषी गाड्यांना पूर्वतयारीची संधी द्यावयाची, ह्यात कोणते शहाणपण, असा स्टेडमन-पक्षाचा प्रश्न होता. १९९५ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह ही भूमिका सविस्तर मांडली.

प्रतिपक्षाचे म्हणणेही निराधार नव्हते. इंजिन थंड असताना निर्दोष गाडीही काही मिनिटे मलिन धूर सोडते. चालकाने वेग एकाएकी वाढविला तर क्षणभर इंधनाचे मिश्रण दाट होते. टाकीतून व नळ्यांतून उडून जाणारी पेट्रोलची वाफ ह्या उपकरणाला नीट दिसत नाही. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीवरून एखाद्या नागरिकाला दोषी ठरविणे न्यायाचे होईल काय? ह्या आक्षेपांमुळे तंत्र अधिक जबाबदार झाले. गाडीचा वेग आणि वेगवाढ ह्यांची नोंद धुराच्या नोंदीबरोबरच घेण्याचा प्रघात पडला. १९९९ मध्ये होसे हिमेनेस ह्यांनी रस्त्याचा चढ, वेग व वेगवाढ ह्यांवरून इंजिनावरील भार काढण्याचे जे माप मांडले, ते ह्या क्षेत्रात लवकरच रूढ झाले. एकाच नोंदीवर विसंबू नये, हे तत्त्वही मान्य झाले.

ह्या सावधगिरीतून दोन सौम्य उपयोग पुढे आले. १९९६ साली डेन्व्हरमधील एका महामार्गाच्या प्रवेशमार्गावर एक फलक उभारण्यात आला. गाडी पुढे जाताच तिचा धूर चांगला, मध्यम की वाईट, हे तो चालकाला दाखवीत असे. त्यात दंड नव्हता, केवळ कानउघाडणी होती. दुसरा उपयोग ह्याच्या उलट दिशेचा. रस्त्यावरील नोंदींत वारंवार स्वच्छ आढळलेल्या गाडीला तपासणीकेंद्रावर येण्यापासून सूट देण्याची पद्धत मिसूरी राज्यातील सेंट लुईस आणि पुढे कोलोरॅडो येथे सुरू झाली. अपराधी धरण्यासाठी घडविलेले साधन निरपराध्याला मोकळे करण्यासाठी वापरले गेले, ही ह्या इतिहासातील एक बोलकी गोष्ट आहे.

५

दोषी गाडी शोधण्याच्या मूळ हेतूचा सर्वांत पद्धतशीर पाठपुरावा हाँगकाँगने केला. तेथील टॅक्सी त्या काळी जवळजवळ सर्वच द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालत आणि दिवसरात्र फिरत असल्याने त्यांचे कन्व्हर्टर लवकर झिजत. शासनाने २०१३-१४ मध्ये प्रथम स्वतःच्या साहाय्याने टॅक्सी व लहान बसगाड्यांचे झिजलेले कन्व्हर्टर बदलवून घेतले आणि त्यानंतरच, १ सप्टेंबर २०१४ पासून, रस्त्यावरील दूरसंवेदनाची अंमलबजावणी सुरू केली. तेथे लागोपाठ दोन उपकरणे उभी करतात. सदोष आढळलेल्या गाडीच्या मालकाला सूचना जाते, आणि त्याने बारा कामाच्या दिवसांच्या आत गाडी दुरुस्त करून रुळांवरील परीक्षेत उत्तीर्ण करून दाखवावी लागते. न केल्यास परवाना रद्द होण्याची पाळी येते. ह्या योजनेत रस्त्यावरील नोंद हा निकाल नसून केवळ समन्स आहे. निकाल नियमित परीक्षेचाच. चीनमध्ये २०१७ साली डिझेल गाड्यांसाठी जे राष्ट्रीय मानक ठरले त्यातही सहा महिन्यांच्या अवधीत एकाच प्रदूषकाची मर्यादा लागोपाठ दोनदा ओलांडल्याविना गाडी सदोष मानू नये, असे बंधन आहे.

इकडे युरोपात मात्र ह्याच तंत्राने निराळाच अपराधी दाखविला. युरोपीय मानकांनी डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे ०.५० ग्रॅमवरून क्रमाने ०.२५, ०.१८ आणि अखेर ०.०८ ग्रॅमपर्यंत खाली आणली. प्रयोगशाळेतील परीक्षेत गाड्या उत्तीर्ण होत होत्या. तरीही शहरांच्या हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड अपेक्षेप्रमाणे घटत नव्हते. २०११ साली डेव्हिड कार्सलॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील हजारो गाड्यांच्या दूरसंवेदन-नोंदी तपासून दाखविले की, रस्त्यावरील डिझेल मोटारींचे हे उत्सर्जन जवळजवळ दोन दशकांत फारसे कमी झालेलेच नाही. दोष येथे एखाद्या निष्काळजी मालकाचा नव्हता. नव्या, सुस्थितीतील आणि प्रमाणित गाड्यांचा संपूर्ण वर्गच सदोष होता.

ह्यानंतर चार वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरणसंस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर नोटीस बजावली. गाडीची परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते धूरनियंत्रण कार्यान्वित करणारी आज्ञावली कंपनीने बसविली होती, आणि जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती असल्याचे कंपनीने मान्य केले. ह्या प्रकरणाचा निर्णायक पुरावा दूरसंवेदनाचा नव्हता, हे नमूद केले पाहिजे; तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने गाडीवरच वाहून नेण्याजोगी उपकरणे बसवून केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून मिळाला. परंतु ठरावीक परीक्षेला यंत्रही फसवू शकते, हे त्यामुळे जगजाहीर झाले आणि अघोषित परीक्षेचे मोल वाढले. २०१७ साली स्थापन झालेल्या 'ट्रू' ह्या उपक्रमाने लंडन व पॅरिस येथे लक्षावधी नोंदी घेतल्या आणि त्यांची कंपनी, इंजिन व मानक ह्यांप्रमाणे वर्गवारी करून ती लोकांपुढे ठेवली.

येथे ह्या तंत्राच्या प्रामाण्याचा मूळ प्रश्न उलगडतो. एका गाडीविषयी अर्ध्या सेकंदाची नोंद दुबळी असते, कारण त्या क्षणी इंजिन कोणत्या स्थितीत होते ह्यावर ती अवलंबून राहते. परंतु एकाच इंजिनाच्या हजारो गाड्यांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे हे क्षणिक फरक परस्परांना छेदतात आणि वर्गाचा स्वभाव उघडा पडतो. एका सुट्या चिठ्ठीवरून इतिहास लिहिता येत नाही, पण अखंड दफ्तरावरून येतो, तसेच हे आहे. ज्या व्यक्तीला धरण्यासाठी हे साधन निघाले तिच्याविषयी त्याची साक्ष सावधपणे घ्यावी लागते; ज्या संस्थांचा विचार प्रारंभी कोणी केला नव्हता, त्यांच्याविषयी मात्र ती अधिक बळकट ठरते.

६

भारतापुरता विचार केला तर १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांपासून आपल्याकडे 'पीयूसी' प्रमाणपत्राची पद्धत आहे. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत सर्वत्र तीच चालते. तीत पेट्रोल गाडीचा धूर इंजिन जागच्या जागी चालू ठेवून तपासतात आणि डिझेल गाडीच्या धुराची केवळ दाटी पाहतात. नायट्रोजन ऑक्साइडांची मोजणी तीत नाही. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या नूतनीकरणाशी ह्या प्रमाणपत्राची सांगड घालण्याचा आदेश दिला. त्याने प्रमाणपत्राची सक्ती वाढली, पण परीक्षेचे स्वरूप बदलले नाही.

दूरसंवेदनाचा उपयोग कोलकाता शहराने २००९ च्या सुमारास करून पाहिला. त्यानंतरचा मोठा प्रयत्न दिल्ली व गुरुग्राम येथे डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ ह्या काळात झाला. तेथे एक लाखाहून अधिक नोंदी मिळाल्या आणि त्यांचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. भारत-सहा मानकाच्या गाड्या आधीच्या गाड्यांपेक्षा स्वच्छ असल्याचे त्यात दिसले. त्याचबरोबर खाजगी गाड्यांपेक्षा व्यापारी गाड्यांचे उत्सर्जन अधिक असल्याचे, आणि निर्मळ म्हणून ख्याती असलेल्या सीएनजी गाड्या नायट्रोजन ऑक्साइडांच्या बाबतीत तितक्या निर्मळ नसल्याचेही दिसले. आपल्या रस्त्यांवरील अडचणी अर्थातच वेगळ्या आहेत. दुचाकीचा धुराचा लोट लहान असतो, आणि एका रांगेची शिस्त नसल्याने दोन-तीन वाहनांचा धूर एकत्र मिसळतो. उपकरणाची जागा निवडण्यापासूनच येथे स्वतंत्र विचार करावा लागतो.

ह्याहून महत्त्वाचा विचार न्यायाचा आहे. जुनी गाडी बहुधा अल्प उत्पन्नाच्या माणसाकडे असते. टॅक्सीवाला, टेंपोवाला, भाजी वाहणारा ह्यांच्यावर रस्त्यावरील एका नोंदीच्या आधारे दंड बसविणे सोपे आहे. एखाद्या नमुन्याच्या सर्व गाड्या सदोष असल्याचे दाखवून कारखानदाराला जाब विचारणे अवघड आहे. उपकरण दोन्ही कामे करते, आणि कोणते काम करवून घ्यावयाचे हे राज्यसंस्था ठरविते. पाटीवरील क्रमांकाबरोबर माणसाच्या येण्याजाण्याचीही नोंद होते, म्हणून ती कोणी, किती काळ व कशासाठी जपावयाची, ह्याचाही नियम असावयास हवा.

वरील इतिहासातून एक विवेक निष्पन्न होतो. व्यक्तीच्या बाबतीत दूरसंवेदनाची नोंद समन्साइतकीच मानावी. तिच्यामागे दुसरी नोंद, दुरुस्तीची संधी आणि रीतसर परीक्षा असावी. वर्गाच्या बाबतीत, म्हणजे कारखानदार, इंधन आणि शासनाची स्वतःची मानके ह्यांच्या बाबतीत, तीच नोंद पुरावा म्हणून स्वीकारण्यास संकोच नसावा. हाँगकाँगने पहिले तत्त्व पाळले, युरोपने दुसऱ्याचे मोल उशिरा ओळखले. आपल्या शहरांत ही उपकरणे येऊ घातली असता दोन्ही तत्त्वे एकत्र स्वीकारली गेली, तरच धावत्या गाडीची साक्ष तिच्या चालकापाशी न थांबता जेथे पोचावयास हवी तेथे पोचेल.